बेगमीची ज्वारी

कांद्याचे भाव चढले की पेपरात एक शब्द हमखास येतो. साठेबाजी. अमक्या गोदामावर छापा पडला, तमक्या आडत्याला धरलं. लोक चहा पिता पिता वाचतात आणि पान उलटतात. मला ते जमत नाही. मी उठते, स्वयंपाकघरात जाते आणि पिठाचा डबा उघडून बघते. डब्यात पीठच असतं, दुसरं काय असणार? पण बघितल्याशिवाय मला पेपर पुन्हा हातात घेता येत नाही. भाची म्हणते, आत्या, या वयात तुला कोण धरायला येणार आहे? तिचं खरं आहे. पण भीती एकदा पोटात शिरली की तिला शहाणपण सांगून उपयोग नसतो.

आधी त्या शब्दाचं उरकून घेते. मी जन्मभर पोरींना शिकवलं, शब्द फोडून दाखवल्याशिवाय मला पुढं सरकता येत नाही. साठेबाजीतला साठा आपल्या घरातला, शेपूट फारशी भाषेतली. ही 'बाजी' मोठी चहाटळ आहे, ज्याला चिकटेल त्याची अब्रू घेते. शेरा मारणं वेगळं आणि शेरेबाजी वेगळी. भाषण ऐकायला माणसं जातात, भाषणबाजीला कंटाळून उठतात. तसाच साठा. साठा घरात असावा म्हणतात आणि साठेबाजाला तुरुंगात घालावं म्हणतात. धान्य तेच असतं, कोठीही तीच.

पण निजामाच्या राज्यात आमच्या भागात हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता. कारभार उर्दूत चालायचा आणि सरकारचा शब्द होता जखिरा. त्याचा अर्थ मला फार उशिरा कळला. परभणीला भावाच्या घरी राहून मी मुलींच्या शाळेत जायला लागले तेव्हा वर्गात सगळ्यांत थोराड मीच होते. लग्न झालेली बाई त्या वयात पाटी घेऊन का बसली होती, ते पुढं येईलच. उर्दू शिकवणाऱ्या आमच्या उस्तानीबाई फार गोड बोलायच्या. त्यांनी सांगितलं, मूळ शब्द अरबी. अडल्या वेळेसाठी बाजूला काढून ठेवलेली वस्तू म्हणजे जखिरा. चांगली कर्मंसुद्धा माणसाचा जखिराच, मेल्यावर उपयोगी पडतात. मग त्याला फारशी 'अंदोजी' जोडली, म्हणजे गोळा करणं, की जखिरा-अंदोजी होते आणि तो गुन्हा. मी विचारलं, किती गोळा केलं म्हणजे गुन्हा? त्या म्हणाल्या, ते हुकुमात लिहिलेलं असतं बेटा, शब्दात नसतं. मला त्या दिवशी इतका राग आला की मी पाटी आपटून बाहेर गेले. बिचाऱ्या उस्तानीबाईंना वाटलं, त्यांचंच काही चुकलं.

त्यांनीच मला आणखी एक शब्द फोडून दिला. माझ्या सासूबाई वर्षाच्या धान्याला बेगमी म्हणायच्या. आपल्याकडं सगळेच म्हणतात, वर्षाची बेगमी झाली, सरपणाची बेगमी झाली. मला तो शब्द काळ्या मातीतूनच उगवलाय असं वाटायचं. उस्तानीबाई हसल्या आणि म्हणाल्या, तोही आमच्याकडूनच आलाय. गम म्हणजे चिंता, दुःख. बे-गम म्हणजे ज्याला चिंता नाही तो. बेगमी म्हणजे निश्चिंती. घरात दाणे असले की माणूस निश्चिंत असतो, म्हणून दाण्यालाच बेगमी म्हणायला लागले.

आता आमच्या बेगमीची गोष्ट सांगते.

माझं लग्न झालं तेव्हा जगात दुसरं महायुद्ध चालू होतं. आम्हाला युद्ध दिसायचं ते एवढंच, की रॉकेल मिळेना आणि कापड मिळेना. सासरचं गाव चुडावा स्टेशनापासून फार लांब नव्हतं. वारा तिकडचा असला की आगगाडीची शिट्टी यायची. घरात माणसं चार. सासरे, त्यांना मी मामंजी म्हणायचे. सासूबाई, त्या आत्याबाई. मी, आणि हे. नवऱ्याचं नाव घ्यायची रीत तेव्हा नव्हती, आता घेऊन तरी काय करू, म्हणून इथंही 'हे'च म्हणते. शिवाय एक जुना सालगडी होता. त्यानं ह्यांना खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती, त्यामुळं ह्यांच्यावर ओरडायचा हक्क घरात मामंजींच्या खालोखाल त्याचा.

गाव सगळं काळ्या जमिनीत. काळ्या मातीत पेव खणता येत नाही, ओल धरते. उंच, पांढरी, मुरमाड जागा तेवढी आमच्या घरामागं होती. तिथं आमचं पेव होतं. ज्यांनी पेव बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते. जमिनीत खोल खड्डा, पोट मोठं रांजणासारखं, तोंड मात्र एक सडपातळ माणूस कसाबसा उतरेल एवढंच. आत चहूबाजूंनी कडबा आणि भुस्सा लावायचा, ज्वारी ओतायची, वर दगडाची चीप ठेवून शेणमातीनं लिंपून टाकायचं. आतली ज्वारी वर्षानुवर्षं टिकते. थोडी काळवंडते, तिला एक आंबूस वास येतो, पण टिकते.

आणि त्या पेवात ज्वारी फक्त आमची नसायची. ही आमच्या गावाची जुनी रीत. ज्यांच्याकडं पांढरीची जागा नाही त्यांनी आमच्या पेवात धान्य ठेवायचं. सालगड्याचं, सुताराचं, लोहाराचं, शेजारच्या लहान शेतकऱ्यांचं. प्रत्येकाच्या थरावर कडबा अंथरायचा आणि त्यावर ज्याची त्याची खूण ठेवायची. कुणाचा निंबाचा डहाळा, कुणाची फुटकी बांगडी, कुणाची लुगड्याची चिंधी. ज्याला आधी गरज लागणार त्याचा थर वर, म्हणून सालगड्याची ज्वारी सगळ्यांत वर असायची आणि आमची सगळ्यांत खाली. एका दाण्यावरून कधी भांडण झालेलं मी ऐकलं नाही. आत्याबाईंना त्याचा फार अभिमान. त्या म्हणायच्या, आमच्या पेवात गाव निजतंय.

त्या वर्षी दिवाळीला वरचे थर काढून झाले होते आणि पेव पुन्हा लिंपून टाकलं होतं. पौष लागला. शेतात तूर वाळायला आली होती. एका सकाळी वेशीकडून हलगी वाजत आली.

दवंडीवाला आमच्या दारासमोर थांबला आणि पाठ केलेलं म्हणाला, सरकारचा हुकूम आहे, ज्याच्याकडं जखिरा सापडेल त्याचा माल जप्त होईल आणि त्याला कैद होईल, गिरदावर येऊन पेवं उघडून बघतील. गिरदावर म्हणजे तहसिलीचा अंमलदार, गावोगाव घोड्यावर फिरणारा. सालगड्यानं दवंडीवाल्याला थांबवून विचारलं, जखिरा म्हणजे काय रे? तो म्हणाला, मला काय माहीत, मला सांगितलं तेवढं म्हणायलोय. आणि हलगी वाजवत पुढं गेला.

त्या दिवसापासून आमचं घर बदललं. तसं काही घडलं नव्हतं. पण मामंजी जेवताना मध्येच घास थांबवून मागच्या दाराकडं बघायला लागले. पेवात आमची ज्वारी, शिवाय सगळ्या घरांची. चीप उचलून आत डोकावलं तर दिसणार एकच ढीग, आणि ती जागा आमच्या नावाची. डहाळ्या आणि चिंध्या बघून सरकार वाटण्या करणार होतं थोडंच!

हे तरुण होते आणि सरळ होते. ओसरीवर बसून म्हणाले, चावडीवर जातो आणि पटवाऱ्याला विचारून येतो, किती असलं म्हणजे जखिरा होतो. मामंजींनी त्यांना हात धरून खाली बसवलं. ते बोलणं माझ्या कानात अजून तसंच आहे.

"इचारलं की झालंच," मामंजी म्हणाले. "ज्याच्या घरी न्हाई तो कशाला इचारंल?"

हे पुन्हा चावडीकडं निघाले नाहीत. आज विचार केला तर वाटतं, गावातला प्रत्येक जण तेव्हा हेच म्हणत घरात बसला असणार. विचारणं म्हणजे कबूल करणं. त्यामुळं कुणी कुणाला विचारलं नाही आणि न विचारलेल्या शब्दाला घरोघरी शिंगं फुटली. कुणी सांगितलं, जिंतुराकडं एका पाटलाला दोरीनं बांधून नेलं. कुणी म्हणालं, दोन पोत्यांच्या वर सापडलं की घराला कुलूप घालतात. कुणी म्हणालं, बियाणंसुद्धा सोडत नाहीत. कुणी बघितलं होतं म्हणून विचारलं तर बघितलेलं कुणीच नव्हतं. ऐकीव सगळं. पण भीतीला ऐकीवच गोड लागतं.

आमच्या घरात तो शब्द बोलायला बंदी झाली. 'ते' म्हणायचं. आत्याबाईंनी आणखी पुढचं काढलं. पेवातल्या ज्वारीच्या भाकरीला वास येतो, दुरून कळतो. त्यांनी मला घरात उरलेली पेवाची ज्वारी दळायला मनाई केली. घरात कणगीत थोडी नवी ज्वारी होती, ती पुरवून पुरवून दळायची. सालगडी त्याच्या घरून भाकरी आणायचा. ती पेवाची असायची, कारण बिचाऱ्याकडं दुसरी नव्हतीच. आत्याबाई त्याला म्हणाल्या, बाबा, भाकरी फडक्यात दोन पदरी बांध आणि वाऱ्याच्या तोंडाला बसून खाऊ नको. एवढा थोराड माणूस आठवडाभर तुरीच्या आत बसून चोरासारखी आपल्याच घामाची भाकरी खात होता.

हसवणारे एकटे हेच. मी माहेराहून चिंच, वाळवलेल्या गवारी, तिळाची मडकी भरभरून आणली होती आणि ती उतरंडीत लपवून ठेवली होती, पोरीची हाव दुसरं काय. हे स्वयंपाकघरात डोकवायचे आणि हळूच म्हणायचे, "आधी तुझा जखिरा धरतेल. तुला घोड्याला बांधून नेतेल." मी त्यांना पळी दाखवायचे. आत्याबाई बाहेरून ओरडायच्या, तो शब्द घेऊ नका म्हणून सांगितलंय ना. मग आम्ही दोघं तोंड दाबून हसायचो. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ते आठवडाभराचं दबकं हसणं माझ्या वाट्याला आलेल्या संसारातलं सगळ्यांत सुखाचं आहे.

गिरदावर बाजाराच्या दिवसानंतर येणार असं सगळे धरून चालले होते. मामंजींनी ठरवलं होतं की बाजाराच्या आधी पेव उघडायचं, दोन दिवस तसंच ठेवायचं आणि मग ज्याचं त्याला वाटून टाकायचं. प्रत्येक घरात थोडं थोडं असलं की कुणाचाच जखिरा नाही. युक्ती चांगली होती. पण त्याआधीच एका सकाळी एक धनगर मेंढरं घेऊन शिवारातून गेला आणि जाता जाता सांगून गेला, की शेजारच्या गावात गिरदावर आलाय, शिपाई लोखंडी गजानं जमीन टोचून पेवं शोधतायत, तिथलं उरकलं की दुपारी इकडं येणार.

मामंजी उठले, बसले, पुन्हा उठले. एवढा करारी माणूस, बैल उधळला तर शिंगाला धरणारा, त्याला मी पहिल्यांदा तसं बघितलं. आणि त्यांना बघून मला जी भीती वाटली ती गिरदावराचीही नव्हती. घरातला मोठा माणूस घाबरला की घराचे वासे हलल्यासारखं होतं.

पेव आत्ताच उघडायचं ठरलं. सालगडी धावत जाऊन सगळ्यांना सांगून आला. माणसं पाट्या आणि पोती घेऊन जमली. ह्यांनी आणि सालगड्यानं लिंपण फोडलं, चीप सरकवली. आतून ऊन, आंबट वाफ वर आली. जवळ उभा असलेला सुतार खोकत मागं सरला.

पेवाला श्वास घेऊ द्यावा लागतो हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दाणा आत कोंडलेला असतो, आत विषारी हवा साठते. भरलेल्या पेवापेक्षा अर्धं रिकामं पेव वाईट, कारण हवा साठायला जागा असते. तोंड उघडून एक दिवस, शक्यतो दोन, तसंच ठेवायचं. मग पेटता कंदील दोरीनं खाली सोडायचा. विझला तर कुणी उतरायचं नाही. ही काही कुण्या शहाण्याची गोष्ट नव्हती, ते सगळं त्या वर्तुळात उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. सालगडी म्हणालाच, उद्यापर्यंत राहू द्या. मामंजी म्हणाले, उद्या आपण कुठं असू.

कंदील आणला. रॉकेल नव्हतं म्हणून गावात चालू असलेले कंदील तसे मोजकेच, आमचा एक. त्याची काच एका कोपऱ्यात तडकलेली होती आणि त्यावर मी खळीनं कागद चिकटवला होता. कंदील पुसायचं काम माझं. ह्यांनी तो पेटवून दोरीनं आत सोडला. थोडा खाली गेला आणि विझला.

मला वाटलं, झालं, आता सगळे घरी जातील. पण ह्यांनी कंदील वर ओढला आणि म्हणाले, कागद सुटला असंल, वारा शिरला. कुणीतरी लगेच म्हणालं, हां, वाराच. सुतार म्हणाला, तुरीकडून यायलाय वारा. मी आत्याबाईंच्या मागं उभी होते. मोठ्यांसमोर बोलायची रीत नव्हती तरी बोलले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"कागद न्हाई सुटला. कालच लावलाय म्या. काच गच्च हाय."

आत्याबाईंनी मामंजींकडं बघितलं. मामंजींनी रस्त्याकडं बघितलं.

ह्यांनी कंदील पुन्हा पेटवला आणि पुन्हा सोडला. ह्या वेळी मी नीट बघत होते. कंदील खाली गेला, ज्योत बारीक झाली, निळसर झाली, आणि तिथं ह्यांचा हात थांबला. दोर आणखी सोडायचा राहिला होता. ज्वारी अजून बरीच खाली होती. ह्यांनी दोर तसाच धरून ठेवला, किंचित वर घेतला आणि म्हणाले, "बगा, जळायलाय की."

ते सगळ्यांनी बघितलं. दोर कुठं थांबला तेही सगळ्यांनी बघितलं. आणि सगळ्यांनी मान हलवली. मला त्या माणसांचा राग यायला हवा, पण येत नाही. सगळ्यांना घाई होती, आणि घाई होती भीतीची. जळता कंदील बघायला सगळ्यांचे डोळे आसुसले होते आणि ह्यांनी तो दाखवला.

सालगडी म्हणाला, मी उतरतो. हे म्हणाले, तुझी लेकरं बारकी हायेत, आणि तुझं पोट त्या तोंडातून जातंय व्हय? एवढ्यातही त्याची मस्करी केली. आत्याबाईंनी मोटेचा नाडा आणून त्यांच्या काखेखालून बांधला, दोन गाठी मारल्या. मी पुढं होऊन पाटी दिली. हे तोंडाशी बसले, पाय आत सोडले आणि माझ्याकडं बघून म्हणाले, पाय सरक, पाटी पडंल. मी पाय सरकवले. मग ते उतरले.

पहिली पाटी वर आली. दुसरी आली. कुणाची तरी फुटकी बांगडी कडब्याबरोबर वर आली आणि ती ज्याची होती त्यानं पोतं पुढं केलं. सगळ्यांच्या अंगात एकदम जीव आला. पाट्या रिकाम्या व्हायला लागल्या, पोती हलायला लागली. आणि मध्ये मध्ये सगळे रस्त्याकडं बघत होते. मीही बघत होते. धूळ दिसतेय का, घोडा दिसतोय का. संकट त्या रस्त्यानं येणार हे आमचं ठरलेलं होतं, म्हणून पायाजवळच्या त्या काळ्या तोंडाकडं कुणाचंच लक्ष नव्हतं.

एक पाटी अर्धीच भरून वर आली. सालगड्यानं ती उपडी केली, पुन्हा खाली सोडली आणि हाक मारली. आतून आवाज आला नाही. त्यानं पुन्हा हाक मारली. मग त्यानं अशी किंकाळी फोडली की तुरीतले होले उडाले.

नाडा ओढला तर जड लागला. सगळे लागले ओढायला. ते तोंडापर्यंत आले आणि अडकले, सैल पडलेलं अंग आडवं होतं. सालगडी पालथा पडला, श्वास कोंडून डोकं आत घातलं, खांदा धरून फिरवला, बाहेर येऊन श्वास घेतला आणि पुन्हा डोकं आत घातलं. आत्याबाई निंबाचा डहाळा घेऊन तोंडावर वारा घालत होत्या आणि देवाला शिव्या देत होत्या. शेवटी ते बाहेर आले. केसात भुस्सा होता. आम्ही पाणी मारलं, कांदा फोडून नाकाशी धरला, तळपाय चोळले. मी छातीवर कान ठेवला. मला माझ्याच कानातलं धडधडणं ऐकू येत होतं, ते मी कितीतरी वेळ त्यांचं समजत होते.

तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, आला. रस्त्यावर घोडा दिसत होता. माणसं पाट्या टाकून, अर्धी पोती टाकून निघून गेली. काही पळाली. मी त्यांना दोष देत नाही, त्यांच्या घरी लेकरं होती. आम्ही चौघं राहिलो आणि हे.

गिरदावर म्हातारा होता. दाढी पांढरी, अंगात काळी शेरवानी, धुळीनं भरलेली. मी आठवडाभर मनात जो माणूस उभा केला होता त्याचा आणि ह्याचा काही मेळ बसेना. तो घोड्यावरून उतरला, पेवाच्या तोंडाकडं बघितलं, ह्यांच्याकडं बघितलं आणि त्याला कुणी काही सांगावं लागलं नाही. खाली बसून त्यानं ह्यांच्या मानेला बोटं लावली. मग बोटं काढली आणि डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

मामंजी त्याच्यासमोर हात जोडून उभे राहिले. मुलगा समोर पडलेला आणि हा बाप अजून त्याच भीतीत होता. म्हणाले, "जखिरा हाय साहेब. समदा घिऊन जावा. मला न्या, बाकीच्यांला काय म्हनू नका."

गिरदावरानं विचारलं, कुणाची ज्वारी, पटेल? शेतकरी दिसला की ते अंमलदार त्याला पटेलच म्हणायचे. सालगड्यानं रडत रडत सांगितलं, कुणाकुणाची, कुठला थर कुणाचा. त्यानं सांडलेल्या ज्वारीतली एक चिंधी उचलून दाखवली. गिरदावर ऐकत राहिला. त्याचं मराठी मोडकं होतं, पण कळत होतं. तो म्हणाला, हा खायचा दाणा आहे. याला कोण जखिरा म्हणतं?

मी तोवर परक्या पुरुषाशी बोलले नव्हते. डोक्यावरचा पदर कधीच सरकला होता आणि तो सावरायचं मला सुचलं नाही. कंदील माझ्या हाताशी पडला होता. कोपऱ्यातला कागद जसाच्या तसा चिकटलेला होता. मी त्याला विचारलं, "मंग जखिरा म्हंजी काय आसतंय, साहेब?"

त्यानं मला नीट उत्तर दिलं. घाई केली नाही. भाव चढावा म्हणून जो व्यापारी माल दाबून ठेवतो, लोक उपाशी असताना विकत नाही, त्याचा तो जखिरा. घरच्यांनी खायला ठेवलेलं, पेरायला ठेवलेलं, गड्याला द्यायला ठेवलेलं, ते जखिरा नाही. सरकारचा वाटा तेवढा द्यायचा, बाकीचं ज्याचं त्याचं. हुकूम मोठ्या साहुकारांसाठी आहे, पेवं बघायची ती कुणी त्यांचा माल आपल्या पेवात लपवलाय का, एवढ्यासाठी. ते सगळं त्यानं थांबून थांबून, मला समजतंय का बघत सांगितलं. सांगताना त्याचा हात ह्यांच्या कपाळावर होता.

आत्याबाई खाली बसून ह्यांच्या केसातला भुस्सा एक एक करून वेचत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. मामंजी मात्र सगळं ऐकत होते, एखादा पोरगा गुरुजींसमोर उभा राहतो तसे, हात अजून जोडलेलेच. गिरदावर बोलायचा थांबला तरी ते तसेच उभे. मग त्यांनी विचारलं, हे आम्ही आठ दिवसांमागं चावडीवर येऊन विचारलं असतं, तर सांगितलं असतं का?

गिरदावर उठला. टोपी त्यानं हातातच धरली होती.

"का न्हाई सांगणार, पटेल," तो म्हणाला. "इचारायला पायजे होतं."